नागीण बॅगेत नाही

सासूबाईंचा डोळा वाचला. डावा. असा वाचला की जावयानं ताटाखाली सरकवलेली मिरची आता त्यांना पलीकडच्या खोलीतून दिसते.

हे वाक्य चुकून पुढे आलं. ते आलंच नाही असं धरून चालू. डोळ्याचं काय होणार हे कुणालाच माहीत नाही, जावयाला तर मुळीच नाही. तो या घटकेला परक्या देशातल्या कातडीच्या दवाखान्याबाहेर उभा आहे आणि काचेचं दार ओढायचं की ढकलायचं याचा विचार करतो आहे. दारावर ते लिहिलेलं आहे, पण ती भाषा त्याला येत नाही.

त्यानं ओढलं. दार ढकलायचं होतं.

"सुरुवात चांगली झाली," मागून सासूबाई म्हणाल्या.

सासूबाई लेकीकडे पाहुण्या म्हणून आल्या होत्या. परवा त्यांच्या कपाळाची डावी बाजू ठणकायला लागली. उशी टोचली असेल, त्या म्हणाल्या. इथल्या उशा इथल्या माणसांसारख्याच, नुसत्या दिसायला मऊ. काल केसांच्या मुळापासून भुवईपर्यंत पाणी भरलेल्या बारीक फोडांची ओळ उठली. आज सकाळी एक फोड थेट नाकाच्या शेंड्यावर येऊन बसला, डावा डोळा लाल झाला आणि कपावरची फुलं पुसट दिसायला लागली. गावाकडून थोरल्या जाऊबाईंनी व्हिडिओ कॉलवर एकदाच पाहिलं आणि निकाल दिला, "नागीण आहे. तोंड-शेपूट जुळायच्या आत काय ते करा."

जावयाची बायको औषधं भरायच्या कारखान्यात कामाला होती. तिथं आत जाताना घड्याळ, अंगठी, मोबाइल, सगळं कपाटात ठेवावं लागे. म्हणजे संध्याकाळपर्यंत ती असून नसल्यासारखी. निघताना ती दारात म्हणाली, "डोळ्याजवळ आहे, आजच्या आज दाखव. तुला भाषा येत नसली तरी मोबाइलला येते. तू फक्त त्याच्याशी मराठीत बोल. आणि हे बघ, आईच्या डोळ्याला काही झालं ना, तर..."

वाक्य तिनं पुरं केलं नाही. केलं असतं तर परवडलं असतं. अर्धं वाक्य माणसाला दिवसभर पुरतं.

आतली खोली दवाखान्यापेक्षा अत्तराच्या दुकानासारखी होती. पांढऱ्या भिंती, पांढऱ्या खुर्च्या, आणि भिंतीवर एका बाईच्या गालाचा दाराएवढा फोटो. खाली बसलेली माणसं आपापलं खाजवत होती, पण सभ्यपणे, म्हणजे दुसरं कुणी बघत नसताना. सासूबाईंनी कपाळ आणि नाक झाकेल असा स्कार्फ गच्च गुंडाळला होता आणि त्यावर लेकीचा काळा चष्मा चढवला होता. त्यामुळे त्या आजारी बाईसारख्या न दिसता बँक लुटून थेट इकडे आलेल्या बाईसारख्या दिसत होत्या.

काउंटरवरच्या मुलीनं हसून काहीतरी विचारलं. जावयानं मोबाइल तोंडाशी धरला, घसा साफ केला आणि शाळेत प्रतिज्ञा म्हणावी तसं स्वच्छ म्हणाला, "या माझ्या सासूबाई. यांना नागीण झाली आहे."

मोबाइलमधल्या बाईनं ते तिकडच्या भाषेत खणखणीत सांगितलं. मुलीचं हसू जागच्या जागी थांबलं. तिनं सासूबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पोटाकडे पाहिलं. मग मोबाइलशी वाकून काहीतरी बोलली. मोबाइलमधली बाई शुद्ध मराठीत म्हणाली, "क्षमस्व. आम्ही प्राण्यांवर उपचार करत नाही."

"काय म्हणते?" सासूबाईंनी विचारलं.

"प्राण्यांवर उपचार करत नाहीत म्हणे."

"तुमच्याकडे बघून म्हणाली का?"

"आई, तिला नीट समजलं नाहीये."

"मग नीट सांगा ना, जावईबापू. कपाळावर आहे म्हणावं. आग आग होतेय म्हणावं. की तेवढंही त्या मोबाइलमधल्या बाईलाच विचारता?"

जावई मोबाइलला म्हणाला, "कपाळावर आहे. डोळ्याकडे निघाली आहे. आणि आग होते आहे. खूप आग."

मुलीनं आपली चाकांची खुर्ची हळूच मागे सरकवली. "ती आता कुठे आहे?"

"सांगितलं ना, कपाळावर. स्कार्फच्या आत."

मुलीनं दोन्ही पाय वर घेतले. "ती किती लांब आहे?"

डोळ्यापासून किती अंतर आहे असं विचारतेय, जावयाला वाटलं. प्रश्न शहाण्यासारखा होता. त्याला धीर आला. "लांब कुठली! अगदी जवळ आली आहे."

मोबाइलमधल्या बाईनं हेही इमानेइतबारे कळवलं. रांगेतल्या खुर्च्यांवर बसलेल्या माणसांनी एकेक करून पाय वर घेतले. एका आजोबांनी काठीसुद्धा वर घेतली.

"ती बॅगेत आहे का?" मुलीनं विचारलं. आवाज बारीक झाला होता.

सगळ्यांच्या नजरा सासूबाईंच्या बॅगेवर गेल्या. बॅगेत पासपोर्ट होता आणि विमानात वाचवलेली साखरेची पाकिटं होती. परक्या मुलुखात चारचौघं बॅगेकडे बघायला लागले की बाईमाणूस जे करेल तेच सासूबाईंनी केलं. बॅग छातीशी घट्ट धरली.

आता कुठे जावयाच्या डोक्यात प्रकाश पडला. पडला म्हणजे अंधार झाला. तो घाईघाईनं म्हणाला, "नाही, नाही! ही नागीण म्हणजे साप नाही. रोग आहे, रोग!"

मोबाइलमधली बाई क्षणभर गप्प राहिली. बहुधा तिनंही विचार केला. मग तिनं जे सांगितलं ते ऐकून मुलगी रडवेली झाली आणि मोबाइलला काहीतरी म्हणाली. "नागीण आजारी असली," मोबाइलमधून उत्तर आलं, "तरी आम्ही प्राण्यांवर उपचार करत नाही."

"आई," जावई वळून म्हणाला, "स्कार्फ काढून दाखवा हिला. एकदाच. बघितलं की कळेल."

"हिला? ही डॉक्टर आहे?"

"नाही, पण..."

"मग हिला कशाला? या सगळ्यांसमोर? मी डॉक्टरला दाखवीन."

"हिला पटल्याशिवाय डॉक्टर भेटणार नाही हो."

"आणि डॉक्टर भेटल्याशिवाय मी दाखवणार नाही."

झालं. फोटो काढून ठेवला असता तरी भागलं असतं, पण या तोंडाचा फोटो काढाल तर पुढच्या विमानानं परत जाईन, असं त्यांनी सकाळीच बजावलं होतं. आणि ही धमकी असूनही जावयानं काढला नव्हता, याची नोंद व्हायला हवी.

"जावईबापू," सासूबाई एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "त्या फोटोतल्या बाईला दोन नाकं आहेत का?"

"नाही. एकच आहे."

"बरं," त्या म्हणाल्या. त्यापुढे काहीच बोलल्या नाहीत. सासूबाई पुढे काही बोलत नाहीत हे जावयानं लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

नेमका तेव्हाच सासूबाईंचा मोबाइल वाजला. थोरल्या जाऊबाई. सासूबाईंनी स्पीकर लावला, कारण त्यांना दुसरं काही लावता येत नसे. जाऊबाईंचा आवाज मुळातच शेतापलीकडच्या माणसाला हाक मारायचा. "कुठवर आली गं? तोंड शेपटीला लागलं का? सांभाळ बाई! तोंड शेपटीला लागलं की माणूस खलास!"

जावयाच्या हातातला मोबाइल अजून ऐकत होता. मराठी ऐकलं की भाषांतर करायचं, एवढंच त्यातल्या बाईला ठाऊक. तिनं जाऊबाईंचं प्रत्येक वाक्य दवाखानाभर ऐकवलं. शेवटचं वाक्य तर तिनं अगदी शांतपणे, सूचना फलक वाचावा तसं वाचलं.

मुलीनं काउंटरखालचं बटण दाबलं.

पुढचं सगळं फार शिस्तीत झालं, तेच भयंकर होतं. भोंगा वाजला. माणसं रांगेनं बाहेर पडली, आजोबा काठीसकट. आतल्या खोल्यांमधून पांढऱ्या कोटातली तीनचार माणसं मागच्या दारानं निघून समोरच्या फुटपाथवर जाऊन उभी राहिली. यांतला डॉक्टर कोण, मदतनीस कोण आणि नुसतीच थंडी वाजणारी माणसं कोण, हे इतक्या लांबून कळायला मार्ग नव्हता. दवाखान्याच्या दाराला कुलूप लागलं. दाराबाहेर, रस्त्याच्या या बाजूला सासूबाई, जावई आणि बॅग. रस्त्याच्या त्या बाजूला उपचार.

जावई रस्ता ओलांडायला गेला तर गणवेशातल्या एका माणसानं हात आडवा धरून त्याला परत पाठवलं. त्या देशात तेवढा एक शब्द त्याला आज समजला, आणि तो 'नाही' होता.

"डोळ्यातून पाणी येतंय," सासूबाई म्हणाल्या. "आत कुणी मिरची भरल्यासारखं होतंय. ऊन मुळीच सोसवत नाही, उजवा डोळाही उघडवत नाही."

ऊन नव्हतं. सकाळपासून आभाळ भरलेलं होतं. जावयानं हे त्यांना सांगितलं नाही.

मग दोन गाड्या आल्या. पहिली अग्निशमन दलाचा बंब. 'खूप आग' ही माहिती दवाखान्यानं हलगर्जीपणा न करता पुढे कळवली होती. दोन दणकट माणसं नळी घेऊन उतरली आणि आग शोधू लागली. दुसऱ्या गाडीतून लांब चिमटा आणि गोणी घेऊन एक माणूस उतरला. आपल्याकडे याला सर्पमित्र म्हणतात. तिकडे काय म्हणतात कोण जाणे, चेहऱ्यावरून तरी मैत्री दिसत नव्हती.

"बरं झालं नागीणच झाली," सासूबाई पुटपुटल्या. "गजकर्ण झालं असतं तर हत्तीची गाडी आणली असती यांनी."

विनोद करायची ताकद अजून आहे म्हटल्यावर जावयाला बरं वाटलं. मग दिसलं की त्या विनोद करताना त्याच्याकडे न बघता शेजारच्या विजेच्या खांबाकडे बघत होत्या. तिथं जावई आहे असं त्यांना वाटत होतं.

सर्पमित्र हळूहळू पुढे आला. त्यानं बॅगेकडे चिमटा रोखला. सासूबाईंनी चिमट्यावर बॅगेनं एक सणसणीत तडाखा दिला. साखरेची पाकिटं रस्ताभर उधळली. बंबावरच्या एका माणसानं पाकीट उचलून उलटसुलट पाहिलं, मग फोडून चहात टाकायच्या बेतानं खिशात ठेवलं. सर्पमित्रानं मुलीला ओरडून काही विचारलं. मुलीनं आपल्या डोक्याकडे बोट केलं. सर्पमित्राचा चिमटा बॅगेवरून वर उठला आणि अगदी सावकाश स्कार्फच्या दिशेनं निघाला.

फुटपाथवरचे सगळे पांढरे कोट टाचा उंचावून बघायला लागले.

जावयाच्या लक्षात आलं, की सकाळपासून पहिल्यांदाच या गावातली सगळी माणसं एकाच ठिकाणी बघताहेत, आणि ते ठिकाण सासूबाईंचं कपाळ आहे. यांत कुठेतरी डॉक्टर आहे. ती किंवा तो अजून गेलेला नाही. थोड्या वेळानं जाईल.

आता करायचं एवढंच उरलं होतं की सासूबाईंच्या डोक्यावरचं कापड ओढायचं. जावयानं. भर रस्त्यात. लग्नापासून त्यानं सासूबाईंच्या अंगाला हात लावला तो फक्त पायांना, तोही वाकून. त्यांच्या डोक्यावरचं वस्त्र ओढणं म्हणजे काय असतं ते गोष्टींमधून सगळ्यांनीच ऐकलेलं आहे. असलं काम करणाऱ्याची बाजू त्या गोष्टींत कुणीच घेत नाही.

"आई, माफ करा," तो म्हणाला.

"कशाबद्द..."

त्यानं ओढलं. या वेळी ओढायचंच होतं.

स्कार्फबरोबर काळा चष्माही उडाला. लालबुंद कपाळ, फोडांची ओळ, सुजून अर्धी मिटलेली पापणी, नाकाच्या शेंड्यावरचा तो एक फोड. सासूबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकायचा प्रयत्न केला आणि जावयानं त्यांचे हात धरून ठेवले. हा दुसरा अपराध.

सगळे एक पाऊल मागे सरले. सर्पमित्र मागे सरला, गणवेश मागे सरला, आग न सापडलेले दोघेही मागे सरले. रस्त्यापलीकडून एकच ठेंगणी बाई पुढे आली, तीही धावत, हातातला डबा खाली टाकून. डॉक्टर कोण ते ओळखायला भाषा लागली नाही.

तिनं सर्पमित्राचा चिमटा हातानं बाजूला केला आणि सासूबाईंची हनुवटी धरून नाकाच्या शेंड्याकडे पाहिलं. कपाळ तिनं नंतर पाहिलं, आधी नाक. आणि नाक बघून तिचा चेहरा असा झाला की जावयाला वाटलं, हिनं काही बोलूच नये. तिनं सासूबाईंचा उजवा डोळा आपल्या तळहातानं झाकला आणि दुसऱ्या हाताची बोटं समोर धरली.

"किती आहेत, आई?"

सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या. "बोटं आहेत होय?" त्या म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई कुणावर तरी ओरडली. कुलूप उघडलं. आत जाता जाताच तिनं मुलीला फोन लावायला लावला, कपाटातून मोठाल्या गोळ्या काढल्या आणि सासूबाईंच्या हातात पाण्याचा पेला दिला. मग जावयाच्या मोबाइलमध्ये भराभर बोलली. मोबाइलमधली बाई म्हणाली, "तुमच्या सासूबाईंना पट्टा झाला आहे."

"काय झालंय?" गोळी गिळत सासूबाईंनी विचारलं.

"पट्टा."

"कसला पट्टा?"

जावयानं विचारलं. डॉक्टरीणबाईनं कमरेभोवती हात फिरवून दाखवला. "कमरेचा पट्टा," मोबाइलमधली बाई म्हणाली. "पट्टा कपाळावर आहे. नाकावर फोड आहे, म्हणजे पट्टा डोळ्यात शिरत असावा. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आत्ताच जा."

"वा! म्हणजे नागिणीचं इकडचं नाव पट्टा!" सासूबाई म्हणाल्या. "हे कमरेचा पट्टा कपाळाला बांधणार, आणि आमच्या नागिणीला घाबरून रस्ता बंद करणार!" पण पेला खाली ठेवताना तो टेबलाच्या कडेच्या बाहेर ठेवला, आणि तो पडून फुटला.

निघताना सर्पमित्र आडवा आला. त्याला कागदावर सही हवी होती. कागदावर दोनच चौकोन होते. त्यानं खुणेनं समजावलं: पहिला, साप गोणीत, दुसरा, साप भुर्र. साप नव्हताच असा चौकोन नव्हता. जावयानं घाईत दुसऱ्यावर फुली मारली आणि टॅक्सीमागे धावला.

डोळ्यांच्या दवाखान्यात त्यानं मोबाइल काढलाच नाही. सासूबाईंनी स्वतःच दारातून आत पाऊल टाकताना स्कार्फ सोडला आणि जो पहिला माणूस दिसला त्याच्यापुढे कपाळ धरलं. तो झाडू मारणारा निघाला, पण त्यानंच हाताला धरून आत नेलं. मोठ्या यंत्रापुढे हनुवटी टेकवून झाली, थेंब घालून झाले. डॉक्टरनं जे सांगितलं त्याचा अर्थ, संध्याकाळी कपाटातून मोबाइल बाहेर आल्यावर बायकोनं फोनवर समजून घेतला: गोळ्या वेळेत सुरू झाल्या, पण डोळा आतून सुजला आहे. दृष्टी राहील की जाईल ते आठवड्यानं सांगता येईल. आज कुणीही सांगू शकत नाही.

अगदी सुरुवातीला कुणीतरी काहीतरी म्हणालं होतं म्हणतात. घरात कुणी ते ऐकलेलं नव्हतं.

बायको ते अर्धं वाक्य पुरं करेल म्हणून जावई वाट बघत बसला. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तू आईचा स्कार्फ ओढलास?"

"हो."

"भर रस्त्यात?"

"हात पण धरले."

पलीकडच्या अंधाऱ्या खोलीतून आवाज आला, "ओढला तेच बरं केलं. जाऊबाईंना मात्र सांगू नका."

त्या आठवड्यात त्यांच्या गल्लीत खांबाखांबावर सापाचं चित्र असलेले कागद लागले. फुली मारलेली नागीण सरकारी हिशेबानं मोकाट होती. शेजारी बुटं झटकून घालू लागले. आणि डोळ्यावर पट्टी बांधून पडलेल्या सासूबाईंनी, काही केल्या वेळ जाईना म्हणून, जावयाला कागद घेऊन बसवलं. शेवटच्या दिवशी सकाळी, डॉक्टरकडे निघायच्या आधी, त्यांनी सांगितलेला मजकूर जावयानं एक अक्षर न बदलता उतरवून घेतला:

प्रति,
माननीय पूर्वज,
नामकरण विभाग, रोग व विकार शाखा.

विषय : नागिणीचे नाव बदलून मिळणेबाबत.

महोदय,

सविनय अर्ज सादर करण्यात येतो की, अर्जदार बाईस झालेल्या फोडांना आपल्या कार्यालयाने पूर्वी केव्हातरी 'नागीण' असे नाव दिलेले आहे. सदर नावामुळे अर्जदार व तिचा डावा डोळा यांना रस्त्यावर ताटकळावे लागले, एक बंब कोरडा परत गेला, आणि जावयास जे करू नये ते करावे लागले. त्याबद्दल जावयाची कोणतीही तक्रार नाही, अर्जदाराचीही नाही. नाव ठेवताना आपणांस परगावी जाणाऱ्या माणसांची कल्पना नसावी, हे समजू शकते.

तरी सदर नागिणीचे नाव बदलून साधे 'फोड' असे करावे, हा बदल आधी होऊन गेलेल्या सर्व नागिणींनाही लागू करावा, बदललेले नाव मोबाइलमधल्या बाईस लेखी कळवावे, आणि या अर्जावरील निर्णय आज डोळ्याची पट्टी निघण्यापूर्वी, अर्जदारास वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत पाठवावा, ही नम्र विनंती.